खड्डे तुमचे, हमाली आमची

मुंबईच्या उपनगरांत दुचाकीवाल्याला सावध करणारी सर्वांत भरवशाची यंत्रणा आजही झाडाची फांदी हीच आहे. गटाराचं झाकण गेलं, रस्ता खचला, चर खणून ठेकेदाराची माणसं जेवायला गेली ती परत आलीच नाहीत, की कुणीतरी पानवाला, रिक्षावाला किंवा वॉचमन एक फांदी तोडून आणतो आणि त्या भोकात उभी करतो. फांदी नाही मिळाली तर मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची, सिमेंटची गोणी, रंगाचा रिकामा डबा. ही फांदी रोवणाऱ्याला पगार नाही, पद नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. ज्यांच्याकडे हे तिन्ही आहे, ते त्या फांदीला वळसा घालून कार्यालयात जातात.

आता ही फांदी मोबाइलमध्ये उगवली आहे. इस्रायलमध्ये जन्मलेलं वेझ हे ॲप गुगलनं २०१३ मध्ये विकत घेतलं. पुढे अपघात आहे, रस्ता बंद आहे, काहीतरी आडवं पडलंय, हे चालकांनीच एकमेकांना कळवायचं, अशी त्याची रीत. जुलै २०२४ मध्ये गुगल मॅप्सनं भारतात अशी सूचना देणं आणखी सोपं केलं आणि नोव्हेंबरात पाणी तुंबलेल्या रस्त्यांची खूण करायची सोय आणली. आपल्या देशी मॅपमायइंडियानं त्याही आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय आणि आयआयटी मद्रास यांच्या साथीनं पुढचा गतिरोधक, धोक्याचं वळण, खड्डा बोलून सांगणारं ॲप लोकांपुढे ठेवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एथर कंपनीनं आपल्या स्कूटरवर खड्ड्यांचा इशारा देण्याची सोय जाहीर केली. एका स्कूटरला बसलेला दणका दुसरीच्या कामी यावा, ही त्यामागची कल्पना.

छान आहे. टाळ्या वाजवू. पण खड्डा आहे हे स्कूटरला कळलं, फोनला कळलं, उपग्रहाला कळलं, मागच्या सीटवरच्या बायकोला तर थेट कमरेतून कळलं. मग ज्याच्या नावावर तो रस्ता आहे, त्या एकट्यालाच तेवढा तो कसा कळत नाही?

कळतो. चांगला कळतो. उपनगरांतल्या रस्त्यांबद्दल माहितीचा दुष्काळ कधीच नव्हता. माहिती हातात पडल्यावर कुणाची तरी मानगूट धरायची, त्याचा दुष्काळ आहे. आणि जोवर ती धरली जात नाही, तोवर आपण एकमेकांना दिलेला प्रत्येक इशारा ही रस्त्याच्या मालकाला दिलेली सवलत आहे.

पालिकेचा स्वतःचाच इतिहास बघा. मुंबई महापालिकेनं २०११ मध्येच नागरिकांनी मोबाइलवरून खड्ड्याचे फोटो पाठवायचे, अशी यंत्रणा उभी केली होती. कोणत्या विभागात किती खड्डे कळवले, किती बुजवले, किती उरले, हे संकेतस्थळावर कुणालाही बघता यायचं. वर्तमानपत्रं रोज त्यातले आकडे काढून छापायची. काही वर्षांनी ही यंत्रणाच बंद पडली. खड्डे सुरूच राहिले, ते मोजणं तेवढं थांबलं. २०१७ च्या जुलैत रेडिओवरच्या आर. जे. मलिष्कानं खड्ड्यांवर एक विडंबनगीत केलं आणि ते गल्लोगल्ली वाजलं. पालिकेच्या डोळ्यांना त्या वेळी भलतीच धार आली. मलिष्काच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. रस्त्यावरचा हातभर खड्डा दिसायला यांना ॲप लागतं. टीका करणाऱ्याच्या घरातली अळी मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मग आला नोव्हेंबर २०१९. पालिकेनं आव्हान दिलं: खड्डा ॲपवर कळवा, चोवीस तासांत बुजवला नाही तर पाचशे रुपये मिळवा. अट अशी की खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. म्हणजे बाइकस्वारानं भर रस्त्यात थांबायचं, मागून येणाऱ्या बेस्टच्या बसला हातानं अडवायचं आणि खड्ड्यात पट्टी घालून तो बक्षिसाला पात्र आहे का ते बघायचं. अडीच इंचांच्या खड्ड्यात पडलात तर तुमचं नशीब. योजना चालली आठवडाभर, १ ते ७ नोव्हेंबर. आख्खा पावसाळा आपण हाडं मोडून घ्यायची आणि दिवाळी झाल्यावर यांनी सोडत काढायची.

१९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन झालं. खर्च ६,०७९ कोटी. दोन वर्षांत मुंबई खड्डेमुक्त होईल, असं सांगितलं गेलं. दोन वर्षं उलटली आणि जून २०२५ मध्ये पालिकेनं मुंबईकरांच्या हातात काय ठेवलं? खड्डे कळवण्याचं नवं ॲप. ‘पॉटहोल क्विकफिक्स’. ४८ तासांत खड्डा बुजवू, हे त्यासोबतचं वचन. खड्डेमुक्त शहराला खड्ड्यांचं ॲप कशाला लागतं, हे विचारायचं नाही. विचारणाऱ्याच्या घरी अळ्या सापडतात.

दर दोन-चार वर्षांनी नवं नाव, नवं चिन्ह, नवं उद्घाटन. जुन्या तक्रारींचं काय झालं, हे नव्या ॲपला माहीत नसतं. त्याच जागी, त्याच वळणावर तिसऱ्यांदा पडलेला खड्डा नव्या ॲपमध्ये पहिल्यांदाच पडलेला असतो. ठेकेदाराला याहून मोठं अभय कोणतं? २०१६ मध्ये ३४ रस्त्यांच्या कामांतला घोटाळा बाहेर आला, ठेकेदारांवर गुन्हा दाखल झाला, कामांची तपासणी करणारे त्रयस्थ लेखापरीक्षकही अडकले आणि पालिकेच्या रस्ते व दक्षता विभागांच्या प्रमुख अभियंत्यांना अटक झाली. दक्षता विभागाच्या! ज्याला रस्त्यावर लक्ष ठेवायला नेमलं होतं, त्याच्यावरच लक्ष ठेवायची वेळ आली. रस्ते नागरिकांच्या इशाऱ्यांअभावी खराब झाले, असं त्या वेळी कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

दुसरी मेख हद्दीची. मी मुलुंडहून अंधेरीला बाइकनं जातो. एलबीएस मार्गावर मेट्रो चारचे खांब, पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, म्हणजे जेव्हीएलआरवर, मेट्रो सहाचे. वाटेत पालिकेचे टी, एस, के पूर्व असे विभाग लागतात. मेट्रोचं काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे. बॅरिकेडच्या आतला रस्ता एकाचा, बाहेरचा दुसऱ्याचा आणि मधोमध गेलेला चर वीजवाल्याचा, गॅसवाल्याचा, पाणीवाल्याचा नाहीतर इंटरनेटवाल्याचा. कंटाळून आरे वसाहतीतून जावं तर तिथला कारभार आणखी निराळा. बाइकला हे काही कळत नाही. तिचं पुढचं चाक सगळ्या खात्यांच्या खड्ड्यांत सारख्याच निष्पक्षपणे आपटतं.

बॅरिकेडला लागून असलेल्या अशाच एका खड्ड्याचा फोटो मी जागेच्या खुणेसह एका सरकारी ॲपवर टाकला. तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्यात गेली. तिथून ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत आली. मग ‘निराकरण झाले’ असा शेरा घेऊन बंद झाली. खड्डा जागच्या जागी. निराकरण झालं होतं ते तक्रारीचं.

पश्चिम आणि पूर्व द्रुतगती मार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीएकडून पालिकेकडे आले. तोवर दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. आता निदान एकच धनी उरला, असं आम्हाला वाटलं होतं. पण धनी बदलून चाकाखालचं काही बदलत नाही, जोवर त्या तुकड्याचा अभियंता कोण, ठेकेदार कोण आणि दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायची, मुदत कधी संपते, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. आपल्या देशात पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर उत्पादक, पत्ता आणि तारीख छापावी लागते. कोट्यवधींच्या रस्त्यावर फक्त नगरसेवकाचा हसरा फोटो असतो, तोही खड्डा नसलेल्या बाजूला.

आता ॲपवाल्यांकडे वळू. या मंडळींचा हेतू वाईट नाही. पण त्यातले बहुतेक चारचाकीत बसून विचार करतात आणि दुचाकीवाल्याच्या भल्यासाठी उंटावरून शेळ्या हाकतात. चारचाकीला खड्डा म्हणजे कपातली कॉफी सांडणं. बाइकला खड्डा म्हणजे हँडल हातातून सुटणं. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात बाइक सेकंदाला अकरा मीटर जाते. इशारा वाचायला दोन सेकंद खाली पाहिलं, की बावीस मीटर रस्ता डोळे मिटून कापला. आणि इशारा काय? ‘पुढे खड्डा आहे.’ कुठे पुढे? डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक, मधल्या हातभर फटीत मी. जीपीएसची चूक उघड्या आकाशाखालीही काही मीटरची असते. डोक्यावर मेट्रोचा पूल असला की खूण बाजूच्या सर्व्हिस रोडवर उडी मारते. खड्डा कोणत्या लेनमध्ये आहे हे मला हवं असतं आणि नेमकं तेच ॲपला सांगता येत नाही.

त्यातून हा सगळा खेळ पावसाळ्यातला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. काचेवर थेंब पडले की स्क्रीन वेड्यासारखी स्वतःच बटणं दाबते. हातात मोजे. अशा अवस्थेत ‘येथे धोका आहे’ हे कळवायचं कसं? चालत्या बाइकवर मोबाइल हाताळला तर पुढच्या सिग्नलला मामा पावती फाडायला उभा. थांबून कळवावं तर जेव्हीएलआरवर थांबायला जागा दाखवा, मी तिथेच घर बांधतो. म्हणजे या योजनेत स्वयंसेवकानं एकतर कायदा मोडायचा, नाहीतर घरी पोचून, रेनकोट वाळत घालून, आठवणीनं नकाशा उघडायचा. तोवर मागून येणारे अर्धे लोक त्या खड्ड्यातून जाऊन आलेले असतात.

शिवाय दुचाकीवाल्याचे धोके म्हणजे फक्त खड्डे नव्हेत. खड्डा बुजवायला टाकलेली खडी पहिल्याच सरीत बाहेर येऊन वळणावर पसरते, ती खड्ड्याहून वाईट. सिमेंटच्या मिक्सर गाडीतून सांडलेला राडा ऊन पडलं की घट्ट, पाऊस आला की साबण. चरावर टाकलेली लोखंडी प्लेट कोरडी असेपर्यंत बरी. डांबर आणि पेव्हर ब्लॉक यांच्यातली दोन बोटांची पायरी, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली लांबच लांब फट, उड्डाणपुलाचा उघडा सांधा: चारचाकीतल्या माणसाला हे जाणवतही नाही. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२१ ला वाहतुकीला खुला झाला आणि त्याच पावसाळ्यात त्यावर दुचाक्या घसरल्याच्या बातम्या आल्या. तिथे खड्डा कुठे होता? नवाकोरा पूलच निसरडा होता. कोणत्या बटणावर बोट ठेवून कळवणार, ‘पूल’? डिसेंबर २०२३ मध्ये वाकोला पुलावर ड्यूटीवरून घरी निघालेल्या एका पोलीस शिपायाचा गळा मांज्यानं चिरला आणि तो गेला. मांज्याचं बटण कोणत्या ॲपमध्ये आहे?

लोक मात्र हे सगळं एकमेकांना सांगतात आणि ॲपहून चांगलं सांगतात. व्हॉट्सॲपवरच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘पवईला एल अँड टीसमोर डाव्या हाताला पाणी साचलंय, आत मोठा खड्डा आहे, उजवीकडून काढा.’ लेन सांगितली, खूण सांगितली, उपाय सांगितला. मुंबईकराला हे कुणी शिकवावं लागत नाही. सचिन टेके यांच्या एम-इंडिकेटरवर लोकलचे प्रवासी वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आले आहेत की स्लो किती लेट आहे आणि फास्ट कुठे अडकली आहे. रेल्वे वेळेत सांगत नाही म्हणून माणसांनी स्वतःची उद्घोषणा सुरू केली. आपल्या शहराचा हा गुण आहे, आणि नेमका याच गुणावर सगळ्या यंत्रणांचा डोळा आहे. सरकारी खर्चानं जे करायचं ते लोक हौसेनं करत असतील तर सरकारनं का करावं? उद्या आगीचं ॲप काढतील आणि बादल्या आपल्याला आणायला सांगतील.

पण ‘उजवीकडून काढा’ या निरोपाचीही एक काळी बाजू आहे. निरोप मिळालेले सगळे उजवीकडे वळतात. उजवीकडे बस, ट्रक, डंपर. ज्याला निरोप मिळालेला नाही तो डावीकडून येऊन ऐन वेळी खड्डा पाहतो आणि तोही उजवीकडे उसळतो. धोका तिथेच राहतो, फक्त एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये सरकतो. खड्ड्यात पडून माणूस क्वचित मरतो. खड्ड्यानं पाडल्यावर मागून जे येतं, त्यानं मरतो. ऑगस्ट २०२२ मध्ये बोरिवलीत पश्चिम द्रुतगती मार्गावर एक जोडपं खड्ड्यामुळे बाइकवरून पडलं आणि डंपरखाली गेलं. अशा प्रकरणात डंपरचा नंबर असतो, चालक असतो, त्याला लगेच धरता येतं. खड्ड्याला नंबर नसतो.

म्हणून आकड्यांकडे जरा संशयानं बघा. केंद्र सरकारच्या नोंदींत खड्ड्यांमुळे झालेले मृत्यू २०१७ मध्ये ३,५९७ होते आणि २०२२ मध्ये १,८५६. एवढ्यात देशातले खड्डे निम्मे झाले, असं ज्याला वाटतं त्यानं जुलै महिन्यात साकीनाक्याहून असल्फ्यापर्यंत एकदा बाइक चालवून दाखवावी. पंचनाम्यात कारण लिहिताना ‘भरधाव वेग’ आणि ‘निष्काळजीपणा’ हे दोन शब्द पेनात आधीच भरून ठेवलेले असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी आधीच मेलेला असला तर काम आणखी सोपं. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत खड्ड्यांनी घेतलेल्या बळींचा आकडा आला तो १४,९२६. सीमेवर आणि दहशतवाद्यांच्या हातून मरणाऱ्यांपेक्षा हे जास्त असावेत, अशी टिप्पणी न्यायालयानं केली. शत्रू देशाला एवढं मारता येत नाही, जेवढं आपल्या निविदा मारतात.

आणि हो, ‘लोकांकडून माहिती’ म्हणजे कोणते लोक? अमेरिकेत बॉस्टन शहरानं २०१२ मध्ये ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप आणलं. फोन गाडीत ठेवा, धक्का बसला की फोनच कळवेल. पहिला आक्षेप आला तो असा: ज्या वस्तीत स्मार्टफोन आणि गाड्या जास्त, तिथलेच खड्डे जास्त दिसणार, गरीब वस्तीतले दिसणारच नाहीत. आपल्याकडे गंमत उलटी आहे. उपनगरांत दिवसभर फोन हँडलला लावून फिरणारा माणूस म्हणजे डिलिव्हरी करणारा पोरगा. अंधेरीच्या मरोळपासून घाटकोपरच्या चाळींपर्यंतची प्रत्येक गल्ली, प्रत्येक उघडं झाकण त्याला पाठ आहे. तो कुठे थांबला, किती मिनिटं उशीर झाला, हे त्याच्या कंपनीला मिनिटामिनिटाला कळतं. तो कुठे पडला हे कुणी विचारत नाही. या शहरात रस्त्यांचा सर्वांत अचूक नकाशा ज्याच्या डोक्यात आहे, त्याला ॲपवर खूण करायला लागणारी दहा सेकंदंही परवडत नाहीत.

बॉस्टनच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही. माहिती जमली तेव्हा शहराला कळलं की धक्के देणारी पुष्कळशी ठिकाणं खड्डे नव्हतीच, ती रस्त्यात खचलेली झाकणं होती. प्रत्येक झाकणाला मालक होता, कुठल्या तरी सेवा कंपनीचा. शहरानं त्या कंपन्यांना गाठून ती झाकणं नीट करून घेतली. ॲपनं रस्ता दुरुस्त केला नाही. ॲपनं धनी शोधून दिला आणि धन्याला कुणीतरी विचारलं. हा दुसरा भाग वगळून आपण फक्त पहिल्या भागाचं उद्घाटन करत बसलो आहोत.

हे सगळं कमी पडत असेल तर मरोळच्या दादाराव बिल्होरेंकडे पाहा. भाजी विकणारा माणूस. २८ जुलै २०१५ ला त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जेव्हीएलआरवर बाइकच्या मागच्या सीटवर होता. केबलसाठी खणलेला खड्डा, वर पावसाचं पाणी, ना बॅरिकेड, ना फलक. प्रकाश गेला. त्यानंतर बिल्होरे स्वतः खड्डे बुजवायला लागले. इमारतींच्या कामांवर उरलेली खडी, वाळू, फुटके पेव्हर ब्लॉक गोळा करायचे, फावडं घ्यायचं आणि रस्त्यात उतरायचं. असे शेकडो खड्डे त्यांनी बुजवले. लोक सोबत यायला लागले, परदेशी वाहिन्या मुलाखती घेऊन गेल्या, खड्डे कळवणारं ‘स्पॉटहोल’ नावाचं ॲपही त्यांच्या कामाशी जोडलं गेलं. सगळीकडून कौतुक झालं. मला या कौतुकाचीच चीड येते. बापानं मुलाच्या मरणानंतर शहराचे खड्डे भरत फिरावं, ही या शहराच्या कारभारावरची सर्वांत मोठी शिवी आहे. आपण तिला प्रेरणादायी कथा म्हणून फॉरवर्ड करतो. प्रकाश गेला त्याच्या दोनच महिने आधी, मे २०१५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं चांगले, खड्डे नसलेले रस्ते हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचं म्हटलं होतं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. न्यायाधीशालाही खड्ड्यांसाठी पत्र लिहावं लागतं आणि त्यावर दहा-बारा वर्षं आदेशांमागून आदेश निघतात, तिथे तुमच्या-माझ्या फोटोची काय कथा?

कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचं काम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यानं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. माणसाचा जीव, कमाल एक लाख! तुम्ही मात्र जून २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्याला हेल्मेट नसेल तर पाचशे रुपये दंड नाहीतर तीन महिने परवाना निलंबित, या धाकात आहात. हेल्मेट घातलंच पाहिजे, त्यावर वाद नाही. प्रश्न एवढाच, की डोकं आमचं फुटणार म्हणून आम्हाला सक्ती, मग रस्ता तुमचा फुटतो तेव्हा तुमचा परवाना कोण निलंबित करतं?

१३ ऑक्टोबर २०२५ ला मात्र एक गोष्ट बदलली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठानं आदेश दिला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख, निर्णय घ्यायला आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या समित्या, पैसा जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करायचा, आणि खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवायचा. यातले सहा लाख लोकांच्या नजरेत भरले. माझ्या नजरेत भरले ते ‘लक्षात आणून दिल्यावर’ हे शब्द. कारण आता घड्याळ तिथून सुरू होतं. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ ही पळवाट ज्या दिवशी तुम्ही कळवता त्या दिवशी बंद होते.

म्हणून इशाऱ्यांची दिशाच बदलायला हवी. आज आपले सगळे इशारे शेजारच्या बाइकवाल्याकडे जातात. त्याला ते द्याच, माणुसकी सोडू नका. पण तोच इशारा, तोच फोटो, तीच वेळ रस्त्याच्या मालकाकडे नोंदवल्याशिवाय तो अर्धाच आहे. ॲप बनवणाऱ्या कंपन्यांनो, तुम्हाला आमच्या दणक्यांची माहिती फुकट मिळते. ती पालिकेला, एमएमआरडीएला तारीख-वेळेसह आपोआप पोचवा आणि पोचवल्याची पावती आम्हाला द्या. रस्त्याच्या मालकांनो, नकाशा सर्वांसाठी उघडा ठेवा, २०११ मध्ये जमलं होतं ते आता का जमू नये? त्यावर प्रत्येक तुकड्याचा अभियंता, ठेकेदार आणि दोषदायित्वाची मुदत लिहा. बंद केलेली तक्रार पुसू नका. त्याच जागी खड्डा पुन्हा पडला तर जुनी तक्रार जिवंत करा आणि ‘आमच्या हद्दीत नाही’ असा शेरा मारणाऱ्यानंच ज्याच्या हद्दीत आहे त्याचं नाव लिहिल्याशिवाय फाईल सरकवू नये. पोलिसांनो, अपघाताच्या पंचनाम्यात रस्त्याची अवस्था फोटोसकट लिहा, मग वेगाची लिहा. यातल्या एकाही गोष्टीला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. लाज लागते, ती उपग्रहावरून मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, निदान एक जीव वाचत असेल तर ॲप चांगलंच ना? वाचवा. शंभर वाचवा. पण एकशेएकावा ज्या खड्ड्यात गेला तो ज्याच्या कारभारात पडला, त्याचं नाव लागत नसेल, तर तुम्ही शंभर जणांना चुकवायला शिकवलं एवढंच. खड्डा चुकवता येणं हे कौशल्य आहे. ते आम्हाला आजोबांपासून येतं. खड्डा नसणं हा हक्क आहे.

तेव्हा यापुढे निरोप दोन जायला हवेत. एक मित्राला, ‘जपून ये, उजवीकडून काढ.’ दुसरा मालकाला, ‘आज, इतक्या तारखेला, इतक्या वाजता, या खांबाजवळचा हा खड्डा तुमच्या लक्षात आणून दिला आहे.’ अठ्ठेचाळीस तास त्याला माहिती म्हणा. एकोणपन्नासाव्या तासापासून तो पुरावा आहे, आणि तो घेऊन कुठे जायचं हे उच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे.